दृक् सरकारचं, श्राव्य आमचं

देवमन तायडे मास्तर आठ वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि त्या आठ वर्षांत ते कोणाशी एकदाही इंग्रजी बोलले नव्हते. यात हसण्यासारखं काही नाही. भूगोलाचे मास्तर दर वर्षी ग्रीनलंडला जाऊन येतात, असं कोणी पाहिलंय काय? चौसष्ट सालच्या अकोल्यात इंग्रजी ही शिकवायची, तपासायची आणि नापास करायची वस्तू होती. बोलायला वऱ्हाडी होती, रागवायला हिंदी होती आणि अर्ज करायला शुद्ध मराठी होती. इंग्रजी बोलायची म्हटली तरी तिला जागाच शिल्लक नव्हती.

मास्तरांचं व्याकरण मात्र पक्कं. खाटकानं बकरा सोलावा तसं ते वाक्य सोलत, आणि कर्ता, कर्म, क्रियापद वेगवेगळ्या खुंट्यांना टांगून ठेवत. दिवसभर जठारपेठेतल्या शाळेत शिकवत, आणि त्याआधी रोज सकाळी सहा ते आठ, शाळेच्याच कोपऱ्यातल्या खोलीत एक फुकटचा वर्ग घेत. त्यात एकोणीस जण होते. सगळे विशी ओलांडलेले, आणि सगळे मॅट्रिकला फक्त इंग्रजीत आपटलेले. डोमाजी खंडारे सत्तावीस वर्षांचा, जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाड्यांची नोंद ठेवणारा, पाच वेळा परीक्षेला बसलेला. चंद्रभान टपालखात्यात बदली पोस्टमन, मॅट्रिक झाला तरच कायम होणारा. जयवंता गवईनं नर्सिंगला अर्ज केला होता. तो 'इंग्रजी सुटल्यावर यावे' असा शेरा घेऊन परत आला होता.

मास्तर स्वतः बाळापूरकडच्या खेड्यातले. आई केशरबाई लोकांच्या वावरात निंदायला जाई, आणि त्यावर मुलगा शिकला. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला आणि छप्पन सालीच देवमन बी.ए. झाला. या दोन्ही गोष्टी केशरबाई एकाच दमात सांगे, जणू दोन्ही एकाच मांडवात उरकल्या होत्या. आपण ज्या फटीतून आत शिरलो ती बुजायच्या आत आणखी चार जणांना आत ओढावं, एवढाच मास्तरांचा हिशेब होता. पण मागच्या सालच्या वर्गातले दोघेच सुटले. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं, "तायडे, जुलैत इन्स्पेक्टर येणार आहेत. त्यांचा शेरा चांगला आला तर वर्ग ठेवा. नाही तर त्या खोलीत मी टेबल टेनिसचं टेबल लावणार." टेबल येऊनही पडलं होतं. ते व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं असे आणि सकाळी येताजाता मास्तरांकडे बघे.

फेब्रुवारीत एक प्रकार घडला. मास्तर नि डोमाजी कोणाला तरी पोचवायला स्टेशनवर गेले होते. एक मद्रासी अधिकारी गाडीतून उतरला आणि त्यानं डोमाजीला इंग्रजीत रेस्ट हाऊसचा रस्ता विचारला. डोमाजीला बाराही काळ पाठ होते. त्यातला एकही त्या वेळी कामाला आला नाही. त्यानं हात जोडले, "सर!" म्हणाला आणि मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मनातल्या मनात वाक्य जुळवायला घेतलं. आधी एक गौणवाक्य मांडलं, ते मोडून कर्मणी प्रयोग केला, त्यात एक पूर्वकालवाचक अडकलं. तेवढ्यात अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं, आणि तायडे बी.ए. यांच्या तोंडून एकच शब्द पडला : "स्ट्रेट." अधिकारी आभार मानून सरळ गेला आणि थेट मालधक्क्यावर सरकीच्या पोत्यांत शिरला.

परतताना डोमाजी म्हणाला, "सर, तुमाले तं सारं येत होतं ना?"

"येत होतं."

"मंग?"

"आलं नाही," मास्तर म्हणाले.

मार्चमध्ये शिक्षकांचं पाच दिवसांचं शिबिर अमरावतीला भरलं. तिथे 'दृक्-श्राव्य साधने' या विषयावर दुपारी दोन वाजता व्याख्यान होतं. अमरावतीत मार्चमध्ये दुपारी दोनला व्याख्यान ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल ते असो, पण साठ शिक्षकांपैकी एकोणसाठ झोपले आणि तायडे मास्तर जागे राहिले. व्याख्याते म्हणाले की विद्यार्थ्यांनी साधनं स्वतः करावीत. आपलं आपण बोलताना बघितलं की माणसाची भीड मोडते. व्याख्यान संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "पण बघायचं कशात?" तेव्हा कळलं की गावातल्या एका सरकारी प्रचार-कचेरीत सिनेमा घ्यायचा छोटा कॅमेरा पडून आहे. कपाशीचा अभ्यास करायला आलेला कोणी अमेरिकन तज्ज्ञ जाताना तो, त्याचा प्रोजेक्टर आणि दोन कोरी रिळं भेट देऊन गेला होता.

कचेरीतल्या कोठीचे कारकून नत्थुजी. त्यांनी चष्म्यावरून मास्तरांना पाहिलं.

"कॅमेरा हाय. पन थो शेतकी प्रचाराचा कॅमेरा होय."

"मला इंग्रजी शिकवायचंय."

"शिकवा ना. कोन नाई म्हनते? फक्त फॉर्मात शेती लिवा."

"खोटं लिहू?"

"खोटं काहून? शेनाखताचा नाई तं रासायनिक खताचा, काई तरी प्रचार दाखवा. मंग खरंच झालं ना!" नत्थुजींनी टेबलाखालून अमोनियम सल्फेटचं एक रिकामं पोतं ओढून काढलं. त्यावर मोठ्या अक्षरात नाव होतं. "हे पोतं हरेक शीनमंदी दिसलं पायजे. पोतं दिसलं का प्रचार झाला. पोतंही परत आनाचं हाय, सही करा."

मास्तरांनी कॅमेऱ्यासाठी एक, रिळांसाठी एक आणि पोत्यासाठी एक अशा तीन सह्या केल्या. निघता निघता विचारलं, "यात बोलणं उमटतं ना?"

"नाई जी. हे मुकं हाय."

एस.टी.त मास्तर पोतं मांडीवर घेऊन खिन्न बसले होते. मुका सिनेमा घेऊन इंग्रजी बोलायला शिकवायचं म्हणजे झालंच. पण बडनेऱ्याच्या पुढे त्यांना एकदम सुचलं : सिनेमा मुका असेना का, पोरं पडद्याशेजारी उभी राहतील आणि आपलं आपण बोलतील! ओठ हलताना बघून त्याच वेळेला बोलायचं म्हणजे वाक्यही नीट बसलं पाहिजे. दृक् सरकारचं, श्राव्य आमचं. हे शब्द त्यांना इतके आवडले की त्यांनी ते कंडक्टरला ऐकवले. कंडक्टरनं पोत्याकडे बघितलं आणि म्हणाला, "याचं लगेज लागते."

तायडे मास्तर सिनेमा काढणार, ही बातमी मास्तर घरी पोचायच्या आत जठारपेठेत पोचली होती. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवून विचारलं, "मास्तर, आपल्याले काई काम?" गल्लीतली पोरं 'शिनेमावाले मास्तर' म्हणू लागली. बी.ए.ला जितका मान मिळाला नव्हता तितका यात मिळत होता, आणि मास्तरांना त्याचंच वाईट वाटत होतं. आणि जयवंताची आई सुंदराबाई पदर खोचून दारात उभी राहिली.

"मास्तर, मायी पोरगी शिनेमात घालता का? मंग तिच्यासंगं लगन कोन करीन?"

मास्तरांनी अर्धा तास दृक्-श्राव्य साधनं समजावली. सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक हाय. पन मी तेथीसाच बसन." आणि त्या बसल्या. पुढे जेवढं काही टिपलं गेलं त्याच्या कोपऱ्यात काळी छत्री घेऊन बसलेली एक बाई आहे, ती हीच.

सल्ला देण्याचं खातं शेजारच्या खुशालरावांकडे होतं. बाळापूरकडे चाळीस एकर काळी जमीन, नातवंडांच्या शाळेपायी अकोल्यात बिऱ्हाड, दारात एक म्हैस, आणि दिवसभर करायला काही नाही. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी तो कानाशी नेला, घड्याळ बघतात तसा. मग म्हणाले, "मास्तर, एप्रिल लागला. या उनात थे रीळ पिघलून जाईन. गव्हाच्या कोठीत घालून ठेवा, अंदर थंडं राह्यते. आमी आंबे तसेच ठेवतो." आंबे पिकायला ठेवतात, हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी दोन्ही रिळांचे डबे गव्हाच्या कोठीत खुपसले. वापरलेलं उजवीकडे, कोरं डावीकडे, असा नियम केला. चिठ्ठी लावायची गरज त्यांना वाटली नाही. आपली स्मरणशक्ती विद्यापीठानं प्रमाणित केलेली आहे, असं त्यांचं मत होतं.

मग पटकथा. मास्तरांनी ती आधी स्वतःच लिहिली. तिच्यात पोस्टात आलेला इसम म्हणतो की जर आपण मला दोन तिकिटं देण्याची कृपा केलीत तर मी आपला अत्यंत ऋणी राहीन. पण कॅमेरा चावीवर चालणारा, आणि एकदा चावी दिली की अर्धं मिनिट चाले. इसम ऋणी होईपर्यंत चावी उतरायची. तीनदा तसं झाल्यावर जयवंता म्हणाली, "सर, आमीच लिवून पायतो."

त्यांनी लिहिलं. डोमाजीचं पहिलं वाक्य होतं : 'गिव्ह मी टू स्टॅम्प्स.' मास्तरांनी ते चार वेळा वाचलं. त्यात सोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी शेवटी एक 'प्लीज' जोडला आणि वही परत दिली. एकोणीस जणांनी मिळून दोन प्रसंग केले : एक पोस्टातला, एक दवाखान्यातला. वाक्यं चाळीस. सगळी आखूड.

खऱ्या पोस्टमास्तरांनी नागपूरहून लेखी हुकूम मागितला. म्हणून बियाण्यांच्या बंद दुकानाची खिडकी घेतली आणि चंद्रभाननं फळीवर 'पोस्ट ऑफिस' रंगवलं. त्याचं अक्षर इतकं सरकारी आलं की रविवारी सकाळी साडेसातला तिथे अकरा खरी माणसं रांगेत उभी राहिली. एका म्हातारीनं खिडकीतून पोराचं पत्र आत सरकवलं आणि म्हणाली, "वाचून दे, बापू." चंद्रभान सवयीनं वाचू लागला. कॅमेरा जयवंताच्या हातात होता. तिचा हात नर्सचा, जरासुद्धा हलत नसे. तिनं तेही सगळं टिपलं.

राहिलं पोतं. रिकामं पोतं उभं राहीना, म्हणून डोमाजीनं फॅक्टरीतून सरकी आणून त्यात भरली आणि ते खिडकीजवळ ताठ उभं केलं. आता सरकी हे गुरांचं खाद्य आहे, आणि खुशालरावांच्या म्हशीला वाचता येत नव्हतं. पोत्यावर अमोनियम सल्फेट लिहिलेलं असताना ती वासावर आली, रांगेतल्या माणसांना बाजूला सारून सरळ खिडकीशी गेली आणि पोत्यात तोंड घातलं. "कट!" मास्तर ओरडले. हा शब्द त्यांनी जन्मात प्रथमच इंग्रजीत आज्ञार्थी वापरला होता, पण जयवंताची चावी संपायची होती.

पुढच्या रविवारी खुशालरावांच्या ओसरीवर दवाखाना झाला. डोमाजी रोगी, चंद्रभान डॉक्टर, जयवंता नर्स, आणि पोतं रोग्याच्या उशाला. जयवंता पुढे असल्यामुळे कॅमेरा मास्तरांनी धरला. त्या सकाळी कोठीत हात घालून डावीकडचं रीळ त्यांनीच काढलं आणि त्यांनीच बसवलं. सगळं बिनचूक झालं. म्हैस बांधून ठेवली होती. दोन्ही रिळं धुवायला मुंबईला गेली, आणि मास्तर रस्त्यानं चालताना ताठ चालू लागले.

रिळं धुऊन आली तरी बघता येईनात, कारण प्रोजेक्टर नत्थुजींच्या ताब्यात, आणि नत्थुजी म्हणे, "मशीन मायासंगंच येईन." ते आले जुलैत, थेट इन्स्पेक्टरांच्या भेटीच्या सकाळी. त्यामुळे तो सिनेमा सगळ्यांनी एकदमच पाहिला.

खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. पहिल्या बाकावर इन्स्पेक्टर आगाशेसाहेब. तीन महिन्यांपूर्वीच पुण्याहून बदलून आलेले. त्यांनी प्रथम वर्गाला विचारलं, "आपण हा अभ्यास कोणत्या हेतूनं करता?" डोमाजी म्हणाला, "काहून म्हंजे? पास व्हाचं हाय." साहेबांना हे उद्धट वाटलं असावं; त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. बाजूला हेडमास्तर बसले होते आणि नजरेनं खोलीची लांबी-रुंदी घेत होते. मागच्या बाकावर केशरबाई, मास्तरांची बायको सत्यवती, सुंदराबाई आणि खुशालराव.

नत्थुजींनी पहिलं रीळ लावलं. पडद्यावर अंधार पडला. तो तसाच राहिला. मास्तरांनी पोरांना बजावलं होतं की काही झालं तरी थांबायचं नाही. त्यामुळे डोमाजीनं त्या काळ्या पडद्याकडे बघून खणखणीत आवाजात दोन तिकिटं मागितली, आणि चंद्रभाननं ती दिली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"अंधार हाय साहेब," नत्थुजी म्हणाले. "पन सरकारी हाय."

दुसरं रीळ लागलं, आणि पडद्यावर चित्र आलं. एक नव्हे, दोन आली, एकमेकांच्या पोटातून. पोस्टाच्या खिडकीत डोमाजी आडवा झोपला होता आणि त्याच खिडकीबाहेर उभा राहून तिकिटं मागत होता. चंद्रभान डॉक्टर म्हातारीचं पत्र वाचणाऱ्या चंद्रभान पोस्टमनच्या छातीला नळी लावत होता. सुंदराबाई दोन छत्र्या घेऊन दोन्हीकडे बसल्या होत्या. पोतं दोन ठिकाणी दिसत होतं. प्रचार दुप्पट झाला होता. मग नर्सच्या अंगातून एक म्हैस हळूच आली आणि रोग्याच्या उशाशी तोंड घालू लागली.

मागून सत्यवतीचा बारीक आवाज आला, "अगं बाई, त्या शनिवारी मी दळण काढलं होतं…"

मास्तरांना सगळं लख्ख कळलं. गहू उपसताना डबे इकडचे तिकडे झाले होते. या कॅमेऱ्यात रीळ वापरून संपलं की फिरून आपल्या मूळच्याच चकतीवर येऊन बसतं. वापरलेलं आणि कोरं दिसायला सारखंच. पोस्टाचं रीळ त्यांनी दुसऱ्यांदा चालवलं होतं, आणि कोरं रीळ कोरंच मुंबईला जाऊन, धुऊन, काळं होऊन परत आलं होतं.

साहेबांनी हात वर करून यंत्र थांबवलं. एक चित्र पडद्यावर राहिलं. बल्बच्या उष्णतेनं ते जळेल म्हणून नत्थुजी ओरडले आणि पुन्हा हळू हळू चालवू लागले. तपासणी इंग्रजीची होती, तेव्हा साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवून इंग्रजीतच विचारलं, "व्हॉट इज धिस?"

पाठ केलेल्या चाळीस वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात जयवंताचा आवाज आला.

"सर, धिस इज पोस्ट ऑफिस. बट हॉस्पिटल इज आल्सो कमिंग."

मास्तरांनी डोळे उघडले. हे वाक्य कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

"अँड हू इज दॅट मॅन?"

"दॅट इज डोमाजी, सर. ही इज सिक. ही इज आल्सो बाइंग स्टॅम्प्स."

डोमाजी पुढे सरकला. "सर, हिअर आय अ‍ॅम टू मेन."

साहेबांच्या मिशीचं एक टोक हललं. "अँड द बफेलो?"

"शी इज नॉट अवर स्टूडंट, सर," चंद्रभान घाईनं म्हणाला.

"देन व्हाय डिड शी कम?"

आता एकोणीसच्या एकोणीस बोलू लागले. ती पोत्यासाठी आली. ती भुकेली होती. ती रोज तिथून जाते. "इन द बॅग देअर इज सरकी, सर!" हे ऐकताच नत्थुजींच्या हातून झाकण पडलं, कारण फॉर्माप्रमाणे पोत्यात खत होतं.

"व्हॉट इज सरकी?" पुण्याच्या साहेबांना खरंच माहीत नव्हतं.

डोमाजीनं दोन्ही हातांनी अदृश्य कापूस धरला आणि त्यातलं बी वेगळं करून दाखवलं. "सर, फ्रॉम कॉटन, कॉटन गोज. सरकी रिमेन्स."

पाच वेळा नापास झालेल्या माणसानं आपलं आयुष्यभराचं काम सहा शब्दांत सांगितलं होतं. पण साहेबांचा चेहरा आता गंभीर झाला. सरकारी फिल्म फुकट गेली होती, आणि शेवटी त्यांना शेरा लिहायचा होता. त्यांनी पेन काढलं. "हूज मिस्टेक इज धिस?"

टेबल टेनिसचं टेबल भिंतीपलीकडे उभं होतं.

"माइन, सर," डोमाजी म्हणाला.

"नो सर, माइन," चंद्रभान.

"कॅमेरा वॉज इन माय हँड, सर," जयवंता म्हणाली. तिच्या हातात कॅमेरा असताना काहीच चुकलं नव्हतं.

मास्तर उभे राहिले. सवयीप्रमाणे मनात वाक्य जुळायला लागलं. आधी गौणवाक्य, मग प्रयोग… त्यांनी डोमाजीकडे बघितलं. तो मान खाली घालून, न केलेल्या चुकीची शिक्षा घ्यायला, शाळकरी पोरासारखा उभा होता. मास्तरांनी जुळवत आणलेलं वाक्य तसंच टाकून दिलं.

"नो, सर. दे आर टेलिंग लाइज. आय डिड इट."

आणि मग थांबायचं कसं ते त्यांना कळेना. त्यांनी गव्हाच्या कोठीचं सांगितलं, आंब्यांचं सांगितलं. पोतं कशासाठी होतं तेही सांगितलं. तेव्हा नत्थुजी घोंगडीमागे गेले. स्टेशनावरच्या त्या अधिकाऱ्याचं सांगितलं, आणि तेव्हा आपलं तोंड उघडलं नाही, म्हणून हा सगळा खटाटोप केला, हेही साऱ्या वर्गासमोर सांगून टाकलं. "माय वाइफ टुक आउट द व्हीट," ते म्हणाले, "अँड द बॉक्सेस डिड नॉट रिमेन्ड…"

"रिमेन, सर," जयवंता हळूच म्हणाली.

"रिमेन," मास्तर म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. आठ वर्षांत त्यांची चूक कोणी काढली नव्हती. आज ती काढली गेली, आणि त्यांची छाती कशानं भरून आली ते त्यांनाच कळलं नाही.

बोलणं संपलं तेव्हा घोंगड्यांच्या फटीतून ऊन आत आलं होतं. आगाशेसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले. हसून पुसले की आणखी कशानं, यावर जठारपेठेत पुढे मतभेद झाले. त्यांनी शेरापुस्तक ओढलं, मराठीत दोन ओळी लिहिल्या आणि हेडमास्तरांच्या हाती दिल्या. हेडमास्तरांनी त्या नाइलाजानं मोठ्यानं वाचल्या : "चित्रपट पाहण्यालायक नाही. वर्ग ऐकण्यालायक आहे, तो चालू राहावा."

टेबल टेनिसचं टेबल व्हरांड्यातच मांडावं लागलं. नत्थुजींनी रजिस्टरात 'चित्रफीत नग दोन, पैकी काळी एक' अशी नोंद केली आणि म्हैस ही शेतकीतच मोडते, असा अभिप्राय जोडून प्रकरण बंद केलं. ऑक्टोबरच्या परीक्षेत एकोणिसांपैकी बारा जण सुटले. जयवंता अमरावतीला नर्सिंगला गेली, चंद्रभान कायम झाला. डोमाजीला छत्तीस मार्क मिळाले. लागत होते पस्तीस. तो वरचा एक मार्क कोणत्या वाक्याचा असेल, यावर तो पुढे कित्येक दिवस विचार करत होता.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मास्तर वर्ग आटोपून निघाले, तेव्हा मागून केशरबाई झपाझपा चालत आली.

"बाबू, तू सायबाले इतकं काय सांगून राहिला होता रे?"

मास्तर ओशाळले. "काही नाही आई. माझी चूक झाली, एवढंच सांगितलं."

"एवढ्याले इतका टाइम?"

"इंग्रजीत लागतो."

केशरबाईनं मान डोलावली. कोपऱ्यावर माणिकबाई भाजीची पाटी घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "काय झालं वं शायेत? मास्तरचा शिनेमा फसला म्हनते."

केशरबाई थांबली. पदर सारखा केला. "शिनेमाचं मले काई समजत नाई. पन माया देवमन अर्धा घंटा सायबासंगं इंग्रजी बोलला. उभ्यानं! कागद नाई हातात, पुस्तक नाई. अन् सायब गपचिप ऐकत बसला होता."

"काय बोलला पन?"

"थे इंग्रजी होतं माय," केशरबाई म्हणाली. "तुले सांगून काय समजनार?"

मास्तर चार पावलं पुढे होते. शाळेची घंटा व्हायला आली होती आणि घरी जाऊन जेवायचंही राहिलं होतं. तरी ते एका बाजूला थांबले, चपलेचा अंगठा नीट असूनही वाकून तो नीट करत बसले, आणि मागे आई तीच हकीगत आता भाजी घ्यायला आलेल्या दुसऱ्या बाईला पहिल्यापासून सांगत होती, ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. या खेपेला तो अर्धा घंटा पाऊण घंटा झाला होता. मास्तरांनी तो दुरुस्त केला नाही.